अमेरिकेच्या जुन्या दप्तरांत रोजचे जगणे कुठे सापडते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली, शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लहान मुले टपालाने पाठवली जात असत, यांसारख्या ज्या विलक्षण हकिकती फिरत असतात त्या खऱ्या आहेत का. आणि दुसरी, त्या देशातील सामान्य माणसांचे पूर्वीचे रोजचे जीवन जाणून घ्यायचे असेल तर कोणती कागदपत्रे पाहावीत आणि ती कशी वाचावीत. अमेरिकन अभिलेखागारांतील कागदपत्रांवर मी अनेक वर्षे काम करीत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे सांगतो, की अशा बहुतेक हकिकतींच्या मुळाशी खरे कागद असतात, परंतु कागदात असते ते सांगोवांगीच्या गोष्टीपेक्षा लहान आणि बरेच अधिक अर्थपूर्ण असते. सामान्य माणसाची नोंद कोणी हौसेने ठेवत नाही. पैसा, कायदा, कर, वारसा किंवा मदतीची याचना यांपैकी काहीतरी मध्ये आले की त्याचे घर, त्याची भांडीकुंडी आणि त्याचे नातेसंबंध कागदावर येतात. म्हणून नोंद वाचण्याआधी ती कोणत्या कारणाने लिहिली गेली ते शोधावे लागते.

टपालाने पाठवलेल्या मुलांचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या टपाल खात्याने १ जानेवारी १९१३ रोजी पार्सल सेवा सुरू केली आणि आरंभी वजनाची मर्यादा ११ पौंड होती. त्याच महिन्यात ओहायो राज्यातील एका दांपत्याने पावणेअकरा पौंड वजनाचे आपले तान्हे बाळ ग्रामीण टपालवाहकाच्या हाती देऊन सुमारे मैलभर अंतरावरच्या आजीकडे पोहोचवले. तिकिटे १५ सेंटांची लागली आणि बाळाचा विमा ५० डॉलरचा उतरवला होता. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आयडाहो राज्यातील ग्रेंजव्हिल येथून लुइस्टन येथे पाच वर्षांची एक मुलगी ५३ सेंटांच्या तिकिटांवर आजीकडे गेली. एवढीच नोंद वाचली तर आईबाप निर्दय आणि टपाल खाते मूर्ख वाटते. परंतु ती मुलगी रेल्वेच्या टपाल डब्यातून गेली, तिच्यासोबत त्याच डब्यात काम करणारा तिच्या आईचा नातेवाईक होता, आणि रेल्वेच्या प्रवासी तिकिटापेक्षा पार्सलचा दर स्वस्त होता, हे कळले की चित्र बदलते. खेड्यातील टपालवाहक हा रोज दारात येणारा, कुटुंबाला नावानिशी ओळखणारा माणूस होता. घरपोच ग्रामीण टपाल १८९६ मध्ये प्रायोगिक रीतीने सुरू होईपर्यंत शेतकऱ्याला पत्रासाठी स्वतः गावात जावे लागत असे. त्यामुळे या माणसावरचा विश्वास ही नव्याने मिळालेली आणि मोलाची गोष्ट होती. अशी प्रकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच घडली. मुले ही अन्नपाण्याशिवाय पाठवता येणाऱ्या निरुपद्रवी प्राण्यांच्या वर्गात मोडत नाहीत, असा स्पष्ट निर्णय टपाल खात्याने १९२० मध्ये दिला. टपालाच्या पिशवीत बसवलेल्या बाळाचे जे छायाचित्र पुरावा म्हणून सर्वत्र दाखवले जाते, ते मुद्दाम मांडून काढलेले आहे. त्याच पार्सल सेवेतून युटा राज्यातील व्हर्नल या गावी १९१६ मध्ये बँकेच्या इमारतीसाठी विटा ५० पौंडांच्या गठ्ठ्यांत आल्या, कारण तिथवर मालगाडी जात नव्हती आणि इतर वाहतूक टपालापेक्षा महाग होती. दोन्ही हकिकतींत दुर्गम वस्तीतील कुटुंबांनी नव्या सरकारी दरपत्रकाचा अर्थ आपापल्या गरजेप्रमाणे लावलेला दिसतो, आणि मला स्वतःला बाळापेक्षा हे दरपत्रक अधिक बोलके वाटते.

मोठ्या माणसांच्या कागदांतही रोजचे जगणे हिशेबाच्या वाटेनेच येते. ४ जुलै १७७६ या दिवशी फिलाडेल्फियात, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे थॉमस जेफरसन यांनी आपल्या खर्चाच्या वहीत तीन पौंड पंधरा शिलिंगांचे एक तापमापक, स्त्रियांच्या हातमोज्यांचे सात जोड आणि थोडा दानधर्म अशा नोंदी केल्या आहेत. तापमानाच्या वहीत त्याच दिवशी दुपारी एक वाजता ७६ अंश फॅरनहाइट अशी नोंद आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला तो दिवस उकाड्याचा नव्हता, हे आपल्याला या सवयीने लिहिलेल्या आकड्यामुळे कळते. आठवणी पुढे रंगतात. हिशेब त्या दिवसापुरताच लिहिलेला असतो, म्हणून त्याच्यावर अधिक विसंबता येते.

आता सामान्य घरांकडे वळू. वसाहतकालीन अमेरिकेत घरमालक मरण पावला की न्यायालय दोन-चार शेजाऱ्यांना नेमून त्याच्या मालमत्तेचा पंचनामा करवीत असे. हे शेजारी खोलीखोलीतून फिरत आणि प्रत्येक वस्तूसमोर तिची किंमत मांडत. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनियाच्या काउंटी (म्हणजे जिल्हा) न्यायालयांत अशा हजारो याद्या आहेत, आणि घराच्या आतले दर्शन घडवणारे यांच्याइतके चांगले साधन मला दुसरे माहीत नाही. पिसांची गादी ही बहुधा घरातील सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक असते. लोखंडी भांडे फुटले असले तरी त्याला किंमत लावलेली असते, कारण फुटके लोखंडही विकले जात असे. सतराव्या शतकातील याद्यांत चमचे भरपूर आणि जेवणाचे काटे जवळजवळ नाहीत. अनेक घरांत खुर्चीसुद्धा नाही, बाके आणि पेट्या आहेत, म्हणजे घरातली बहुतेक माणसे पेटीवर बसून जेवत होती. पलंग, चूल, धान्याची पिंपे आणि सूतकताईचा चरखा एकाच खोलीत नोंदलेले असले, तर त्या घरात एकांत या गोष्टीला जागाच नव्हती हे उघड होते.

या याद्यांत काय नाही, तेही तितकेच काळजीपूर्वक पाहावे. ज्याला बाजारात किंमत नाही ते पंच लिहीत नाहीत. म्हणून मुलांची लाकडी खेळणी, टोपल्या, परसातली भाजी आणि नासणारे अन्न बहुधा गळते. विवाहित स्त्रीची मालमत्ता कायद्याने पतीची मानली जात असल्यामुळे स्त्रियांच्या नावाने निघालेल्या याद्या मुख्यतः विधवांच्या असतात. आणि दक्षिणेकडील याद्यांत गायी, नांगर आणि गाद्या यांच्याच रांगेत गुलाम माणसांची नावे आणि त्यांच्या किमती येतात. आईसमोर तिचे मूल वेगळ्या रकमेने लिहिलेले असते आणि म्हाताऱ्या माणसापुढे कधी कधी शून्य असते. कित्येक माणसांचे नाव आज फक्त अशाच एखाद्या ओळीत उरले आहे. ती ओळ वाचताना थांबावे लागते, आणि थांबावेच.

गरिबीचे असेच तपशीलवार चित्र स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फाइलींत आहे. १८१८ च्या कायद्याने गरजू माजी सैनिकांना वेतन देऊ केले. साध्या शिपायाला महिना आठ डॉलर मिळत. अर्ज इतके आले की १ मे १८२० रोजी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, नवी अट घातली: अंगावरचे आवश्यक कपडे आणि अंथरूण-पांघरूण सोडून आपल्या सर्व मालमत्तेची यादी प्रत्येकाने न्यायालयात शपथेवर द्यावी. परिणामी साठी-सत्तरीतल्या हजारो सैनिकांनी आपले संपूर्ण संसार काउंटीच्या कारकुनासमोर मोजून दाखवले. एक गाय, दोन डुकरे, एक जुनी किटली, मोडक्या खुर्च्या, कोणाकडून येणे आहे आणि वसूल होण्याची आशा नाही अशी रक्कम, घरात आजारी पत्नी आणि तिचे वय, शेतकाम होत नाही कारण पायाची जखम अजून वाहते, असा तो मजकूर असतो. मात्र येथे अर्जदाराला आपली गरिबी सिद्ध करायची आहे, हे विसरून चालत नाही. काहींनी यादी देण्यापूर्वी जमीन मुलाच्या नावे केल्याचेही दिसते. तरीही न्यायालय त्याच गावात होते आणि ऐकणारे त्याला ओळखत होते, त्यामुळे खोटेपणाला मर्यादा पडत असे.

१८३२ च्या कायद्यानंतर माजी सैनिकांनी आपल्या सेवेचे निवेदन तोंडी सांगून लिहवून घेतले, कारण सन १८०० च्या आगीत युद्ध खात्याचे कागद जळून गेले होते आणि कित्येकांच्या सेवेचा सरकारी पुरावाच शिल्लक नव्हता. विधवांना लग्न सिद्ध करावे लागे. ज्या गावात विवाहनोंद नव्हती, तेथील स्त्रियांनी घरच्या बायबलमधील जन्म-विवाह-मृत्यूची पाने फाडून अर्जासोबत जोडली, तर पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कुटुंबांनी पक्षी आणि फुले रंगवलेली जन्मपत्रे पाठवली. ती सरकारी फाइलींत राहिली आणि म्हणूनच वाचली. या निवृत्तिवेतन-पद्धतीचा काळ किती लांबतो याचा एक दाखला देण्याजोगा आहे: १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातील एका सैनिकाच्या मुलीला दरमहा ७३.१३ डॉलर २०२० मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत मिळत होते.

मेन राज्यातील हॅलोवेल येथील सुईण मार्था बॅलर्ड हिच्या रोजनिशीचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. वयाच्या पन्नाशीत, १७८५ मध्ये तिने नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि १८१२ मध्ये मरेपर्यंत सुमारे सत्तावीस वर्षे त्या चालू ठेवल्या. या काळात तिने आठशेहून अधिक बाळंतपणे केली. हवा कशी होती, केनेबेक नदी होडीने ओलांडली की बर्फावरून, कोणाच्या घरी रात्र गेली, मुलगा झाला की मुलगी, मोबदला रोख मिळाला की वस्तूरूपाने, घरी मुलींनी किती कापड विणले, वाफ्यात काय पेरले, हे सर्व दोन-चार ओळींत येते. एकोणिसाव्या शतकातील इतिहासकारांना ही वही सर्वसामान्य वाचकाच्या उपयोगाची वाटली नव्हती. ज्या नोंदी त्यांना क्षुल्लक वाटल्या त्यांतूनच पुढे त्या गावातील स्त्रियांचा संपूर्ण आर्थिक व्यवहार उभा राहिला. १९९० मध्ये या रोजनिशीवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याला इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुरुष दुकानदारांच्या वह्यांत त्या गावच्या स्त्रियांचा पत्ता क्वचितच लागतो. सुईणीच्या वहीत मात्र सूत, कापड, कोंबड्या, बियाणे आणि एकमेकींच्या घरी कामाला पाठवलेल्या मुली यांची देवघेव सतत चालू आहे.

या रोजनिशीतील एक नोंद मला विशेष महत्त्वाची वाटते. अविवाहित स्त्रीचे बाळंतपण असेल तर कळा चालू असताना सुईणीने बापाचे नाव विचारावे, अशी रीत होती. त्या अवस्थेत स्त्री खोटे बोलणार नाही असे कायदा मानीत असे आणि सुईणीची साक्ष न्यायालयात चाले. १७९१ मध्ये अशाच एका बाळंतपणात त्या स्त्रीने मार्थाच्या स्वतःच्या मुलाचे नाव घेतले. मार्थाने ते जसेच्या तसे लिहून ठेवले, आणि काही महिन्यांत त्या दोघांचे लग्न झाले. प्रथा, कायदा, आईची व्यथा आणि व्यावसायिक प्रामाणिकपणा एवढे सगळे त्या एका ओळीत आहे, आणि तिने त्यावर एकही भावनिक शब्द लिहिलेला नाही. मार्थाच्या बहुतेक नोंदी अशाच संयत आहेत, आणि त्या संयमामुळेच तिच्या मनाविषयी आपण फार काही ठामपणे सांगू नये.

दुकानदारांच्या उधारीच्या वह्यांविषयी थोडक्यात सांगतो. रोकड कमी असल्यामुळे खेड्यातील गिऱ्हाईक रम, काकवी, दोरा, बटणे आणि चहा उधार नेई आणि वर्षातून एकदा लोणी, अंडी, लाकडाची राख किंवा मजुरीचे दिवस जमेस धरून हिशेब पुरा करी. खाते पुरुषाच्या नावाचे असले, तरी ‘मुलीच्या हाती दिले’ किंवा ‘पत्नीने नेले’ अशा टिपांवरून खरेदी कोण करीत होते ते कळते.

न्यायालयाच्या दंडाच्या नोंदी गमतीदार वाटतात आणि म्हणून सर्वांत जास्त उद्धृत होतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५१ चा एक कायदा असा होता, की ज्यांची मालमत्ता दोनशे पौंडांहून कमी आहे त्यांनी सोन्याचांदीची किनार किंवा रेशमी शिरोवस्त्र वापरू नये. १६५३ मध्ये न्यूबरीच्या एका विवाहितेवर रेशमी वस्त्रे वापरल्याचा आरोप आला, आणि आपल्या पतीची मालमत्ता दोनशे पौंडांहून अधिक आहे असे दाखवून ती सुटली. आरोप कपड्यांचा दिसत असला तरी तपासणी झाली ती पतीच्या ऐपतीची. त्याच वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करण्यास पाच शिलिंग दंड होता. दंड रद्द झाल्यावरही सवय लगेच बदलली नाही, हे आपल्याला बॉस्टनचे न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल यांच्या रोजनिशीतून कळते. २५ डिसेंबर १६८५ रोजी गाड्या नेहमीप्रमाणे गावात आल्या आणि दुकाने उघडी होती, असे त्यांनी समाधानाने नमूद केले आहे. या गृहस्थांनी १७२० मध्ये उतारवयात एका विधवेला मागणी घातली, तेव्हाची त्यांची रोजनिशी जरूर वाचावी. त्यांनी केसांचा टोप घालावा आणि घोडागाडी ठेवावी, असा बाईंचा आग्रह होता. दोन्ही गोष्टी त्यांना मान्य नव्हत्या आणि ते लग्न झाले नाही. प्रतिष्ठित घरांतील विवाह हा प्रेमाबरोबरच मासिक खर्चाचा करार कसा होता, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

गावांची गरिबांविषयीची दप्तरे यापेक्षा कठोर आहेत. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या आसपासच्या ईशान्य भागात, निराधार माणसाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या कायदेशीर गावावर होती. म्हणून नवागताला ‘तू येथील नाहीस’ अशी औपचारिक समज दिली जाई. ती दिली की पुढे तो आजारी पडला तर खर्च या गावावर पडत नसे. बॉस्टनमध्ये १७६५ ते १७७४ या काळात हे काम रॉबर्ट लव्ह यांच्याकडे होते. ते रस्त्यांतून फिरून परक्या माणसाला तो कोठून आला, कधी आला, कोणाकडे उतरला, हे विचारून लिहून ठेवीत. प्रत्यक्षात बहुतेकांना कोणी हाकलले नाही. कागदाचा हेतू हिशेबाचा होता. परंतु त्यामुळे ज्यांची नोंद दुसरीकडे कुठेच झाली नसती अशा हजारो फिरत्या माणसांचा, नोकर मुलींचा आणि खलाशांच्या बायकांचा मागोवा घेता येतो. अनेक गावांत निराधारांचा उलटा लिलाव होत असे: जो सर्वांत कमी पैशांत वर्षभर पोसायला तयार होई त्याच्याकडे त्या माणसाला सोपवले जाई. गावसभेच्या इतिवृत्तात रस्तादुरुस्तीच्या ठरावाखालीच अशी नावे आणि आकडे वाचायला मिळतात.

गुलामगिरीच्या काळातील कागदांविषयी अधिक विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण येथे नोंद ठेवणारा आणि नोंदला गेलेला माणूस यांचे हितसंबंध पूर्णपणे विरुद्ध आहेत. पळून गेलेल्या गुलामाला पकडण्यासाठी मालक वर्तमानपत्रात जाहिरात देत, आणि ओळख पटावी म्हणून त्याला त्या माणसाचे खरे वर्णन करावे लागे. जेफरसन यांनी स्वतः सप्टेंबर १७६९ मध्ये ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये सँडी नावाच्या माणसासाठी अशी जाहिरात दिली होती. तो चांभारकाम करतो आणि त्यात मुख्यतः डावा हात वापरतो, जाडेभरडे सुतारकाम जाणतो, घोड्यांचाही जाणकार आहे, असे तीत म्हटले आहे. मालकाने पकडण्यासाठी लिहिलेल्या ओळींतून एका कुशल कारागिराचे चित्र उभे राहते. अशा जाहिरातींत कोणाला वाचता येते, कोणाला दोन भाषा बोलता येतात, कोणाची पत्नी कोणत्या मळ्यावर आहे आणि म्हणून तो तिकडे गेला असावा, असे तपशील येतात. त्यातील दुर्गुणांची विशेषणे मालकाची आहेत आणि ती त्याच दृष्टीने वाचावीत. कौशल्ये आणि नाती मात्र तो नाइलाजाने खरी सांगतो.

१८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते आणि त्यांत मालकाच्या नावाखाली केवळ वय, लिंग आणि वर्ण लिहिलेला असे; नाव नसे. म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १८७० च्या जनगणनेपाशी येऊन अडतो. त्यापलीकडे जाण्यासाठी दोन साधने फार उपयोगी आहेत. पहिले, १८६५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १८७४ मध्ये बुडालेल्या, मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेदारांची पुस्तके. सही न करता येणाऱ्या खातेदाराची ओळख पटावी म्हणून कारकुनाने आईवडील, भावंडे, पत्नी, मुले, जन्मस्थान आणि आरंभीच्या अर्जांत तर पूर्वीचा मालक आणि मळाही विचारला. बँक बुडाली आणि कष्टाची बचत गेली, पण त्या पुस्तकांत सुमारे ४,८०,००० नावे राहिली. दुसरे साधन म्हणजे शोधाच्या जाहिराती. न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’ या पत्रात १८७७ पासून हरवलेल्या आप्तांसाठी एक सदर चाले. वर्गणीदार नसलेल्यांना जाहिरातीस ५० सेंट पडत, आणि धर्मोपदेशकांनी त्या जाहिराती प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवाव्यात अशी विनंती असे. आईला कोणत्या वर्षी कोणी विकले, तेव्हा सोबत कोण होते, भावाचे नाव काय होते आणि त्याच्यावर कोणती खूण होती, हे वीस-वीस वर्षांनंतर स्मरणातून सांगितलेले असते. सरकारी तक्त्याने ज्यांची नावे गाळली, त्यांनी ती स्वतः जपली होती.

जनगणनेचे इतर तक्तेही रोजच्या जीवनाचे उत्तम साधन आहेत, मात्र दर दहा वर्षांनी रकाने बदलतात हे लक्षात ठेवावे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव येते आणि १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नाते येते. १९०० आणि १९१० मध्ये स्त्रीला किती मुले झाली आणि त्यांपैकी किती जिवंत आहेत, असे दोन रकाने शेजारी-शेजारी होते. एका रस्त्यावरील घरे ओळीने पाहिली तर नऊ आणि पाच, सहा आणि तीन असे आकडे एकापाठोपाठ येतात. बालमृत्यूवरचा कोणताही प्रबंध वाचण्यापूर्वी हे एक पान वाचावे असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. १९३० मध्ये घरात रेडिओ आहे का असे विचारले गेले. १९४० मध्ये माहिती देणाऱ्या व्यक्तीच्या नावापुढे वर्तुळातील फुली मारली गेली, त्यामुळे वय किंवा उत्पन्न कोणी सांगितले हे कळते. १८९० चे तक्ते मात्र १० जानेवारी १९२१ च्या वॉशिंग्टनमधील आगीत आणि ती विझवण्याच्या पाण्यात काही नष्ट आणि बरेचसे खराब झाले, आणि उरलेले पुढे सरकारी आदेशाने नष्ट केले गेले. सुमारे ६,००० नावे उरली.

आपल्या लोकांच्या दृष्टीने येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२० ते १९४० च्या जनगणनांत वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असा स्वतंत्र वर्ग होता आणि त्यात धर्म कोणताही असो, भारतातून आलेला प्रत्येक माणूस घातला जाई. कॅलिफोर्नियातील शेतांवर काम करणारे पंजाबी शीख आणि मुसलमानही त्यामुळे कागदोपत्री हिंदू ठरले. आनंदीबाई जोशी मात्र कोणत्याच जनगणनेत सापडणार नाहीत, कारण त्या १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचल्या आणि १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या; त्यांचे कागद फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दप्तरात आहेत, जे आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. त्यांच्या पदवीदानाला उपस्थित असलेल्या पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध केले. अमेरिकन घरे, शाळा आणि स्त्रियांच्या संस्था यांचे मराठी डोळ्यांनी केलेले इतके जुने आणि सविस्तर निरीक्षण आपल्या भाषेत उपलब्ध असताना, या विषयाच्या मराठी अभ्यासकाने आरंभ तेथूनच करावा असे मला मनापासून वाटते.

परदेशी माणसांच्या चौकशीचे सर्वांत बारीक कागद चिनी स्थलांतरितांचे आहेत. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली, परंतु अमेरिकेत जन्मलेल्या नागरिकांची मुले येऊ शकत होती. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत जन्मनोंदी जळाल्या आणि खोटी नाती सांगून येणे शक्य झाले. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड या बेटावरील स्थलांतर केंद्राचे अधिकारी बाप आणि मुलाला वेगवेगळे बसवून विचारीत: गावात घरे किती रांगांत आहेत, विहीर कोणत्या बाजूला आहे, तांदळाची कणगी कुठे ठेवतात, दारापाशी पायऱ्या किती. उमेदवार उत्तरे पाठ करून येत. त्यामुळे या फाइलींतील गावाचा नकाशा खरा असेल किंवा ठरवून सांगितलेला असेल, पण त्या माणसांना किती गोष्टी तोंडपाठ कराव्या लागल्या हे नक्की खरे आहे.

वाचनाच्या दृष्टीने काही व्यावहारिक सूचना देतो. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून जानेवारी ते मार्चमधील तारखांना बहुधा दोन वर्षे जोडून लिहिलेली असतात. ते ध्यानात न घेतल्यास मूल लग्नाआधी जन्मलेले दिसू लागते. प्रत्येक वसाहतीचा पौंड वेगळ्या किमतीचा होता, त्यामुळे बॉस्टन आणि फिलाडेल्फियाचे आकडे सरळ ताडून पाहू नयेत. नावांची वर्णरचना कारकुनाच्या कानावर अवलंबून असे. न्यूयॉर्क बंदरातील एलिस आयलंड या स्थलांतर केंद्रावर अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, ही कथा मात्र सोडून द्यावी. तेथील निरीक्षक जहाजावर आधीच भरून आलेल्या यादीवरून नावे तपासत, आणि बहुतेक बदल लोकांनी नंतर स्वतः केले. शहरातील वस्ती पाहायची असेल तर आग विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे घ्यावेत. विटांची घरे गुलाबी आणि लाकडी घरे पिवळी रंगवलेली असतात, चिनी धोबीखाने आणि दारूची दुकाने नावानिशी येतात, आणि काही ठिकाणी ‘स्त्रियांचे वसतिगृह’ असे सौम्य शब्दांत लिहिलेले घर प्रत्यक्षात कुंटणखाना असते.

सुरुवात कशी करावी, असे विचाराल तर एकच गाव आणि एकच दशक निवडावे, आणि त्या गावाची जनगणना, मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या, नकाशा आणि वर्तमानपत्र ही चारही साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा वर्तमानपत्रांचा आणि सॅनबॉर्न नकाशांचा संग्रह घरबसल्या विनामूल्य पाहता येतो, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीतूनही बरेच कागद मिळतात. स्वातंत्र्ययुद्धातील निवृत्तिवेतनाच्या फाइली पाहताना एक काळजी घ्यावी. त्यांच्या सूक्ष्मपटाच्या (मायक्रोफिल्मच्या) दोन मालिका आहेत. एकीत संपूर्ण फाइली आहेत आणि दुसरीत कोणीतरी महत्त्वाचे मानून निवडलेलीच पाने आहेत. आपल्याला हवी असलेली मोडक्या खुर्च्यांची आणि किटल्यांची यादी त्या निवडीतून वगळली गेली असण्याची शक्यता असते, म्हणून नेहमी संपूर्ण फाइलींची मालिकाच उघडावी.